वाघिणीला नाव नसतं

"पाठ झाली का, सूनबाई?" पडद्यापलीकडून मामाजींनी विचारलं.

"होत आली," मी म्हणाले. खरं तर पाठीला मी अजून कुंचलासुद्धा टेकवला नव्हता.

माझ्यापुढं मंदा पाठमोरी उभी होती. अंगात नवऱ्याची अर्धी चड्डी आणि छातीला घट्ट बांधलेलं कापड, बस एवढंच. चैत्रातलं ऊन. न्याहारीची वेळ टळली नव्हती तोवर झाडाखालची मातीसुद्धा तापलेली, तरी हिच्या उघड्या पाठीवर काटा आला होता. माझ्या हातात पिवळ्या रंगाचं वाडगं होतं, आणि ते इतकं हलत होतं की रंग काठावरून माझ्याच पायावर सांडत होता.

"वहिनी," मंदा मान न वळवता हळूच म्हणाली, "भेव मले लागाले पाह्यजे. तुमाले कायले लागते?"

आता हिला काय सांगायचं? मी जात्याच भित्री. पाल दिसली की पलंगावर चढून बसणारी. त्यात मी वर्ध्याकडची, जंगल कधी न पाहिलेली. दिवाळीनंतर लग्न होऊन मुरूमबोडीला आले तेव्हा कळलं की इथं गावाची शीव संपली की जंगलच सुरू होतं, आणि त्यात वाघ आहे ही इथं कुणाला बातमी वाटत नाही. संध्याकाळी दार लावताना सासूबाई जितक्या सहज मांजराला बाहेर काढायच्या, तितक्याच सहज सांगायच्या, "आज तळ्याकडं होता म्हणे."

मामाजी म्हणजे माझे सासरे. पंचक्रोशीत त्यांना नानाजी पेंटर म्हणत. वर्षभर ते दुकानांच्या पाट्या लिहायचे आणि चैत्रात वाघदेवाच्या जत्रेला वाघ रंगवायचे. वाघ म्हणजे माणसंच. ज्याचा नवस असेल त्याच्या अंगावर वाघ काढायचा, डफड्यावर गावभर नाचवायचा, आणि शेवटी बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, आंघोळ घालून त्याला परत माणूस करायचं. आमचे हे रंग कालवून द्यायचे आणि मामाजी काढायचे. आजवर सगळे वाघ पुरुषच झाले होते. त्या साली पहिल्यांदा वाघीण व्हायची होती, आणि बाईच्या अंगाला मामाजी हात कसा लावणार? आमच्या घरात बाया दोनच. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. राहिले मी. मला ठिपक्यांची रांगोळी बरी यायची, तेवढ्या भांडवलावर मला पडद्याच्या आत ढकललं. चार बांबू, त्यांना बांधलेली जुनी लुगडी, आत मी आणि मंदा, बाहेर बापलेक.

नवस मंदाच्या सासूनं, गिरजाबाईनं बोललेला. मागच्या मोहफुलांच्या हंगामात तिचा मुलगा देवराव पहाटे मोह वेचायला गेला आणि वाघानं त्याला खांद्याला धरलं. बरोबरच्या माणसांनी आरडाओरडा केला तेव्हा सोडलं. रक्तानं माखलेला पोरगा अंगणात आणून ठेवला, तर ही बाई जंगलाकडं तोंड करून ओरडली, "वाचव रे देवा, घरची वाघीण करून नाचवीन." देवराव वाचला, एक हात तेवढा वर होत नाही. म्हातारीच्या मनात होतं की आपल्या घरातून आपणच नाचू. पण गावातले जाणते म्हणाले, नवस देवरावसाठी, तर देवरावची घरची कोण? बायको. बोललेला शब्द फिरवता येत नव्हता. म्हातारी म्हणे आठवडाभर सुनेकडं नजर वर करून बघत नव्हती.

"वरून खाली ये," मामाजी सांगत होते. "खांद्यापासून धर. हात मधे उचलू नको."

मी हात टेकवला. मंदाची पाठ शहारली, माझीही. पिवडी, म्हणजे रंगाची पिवळी माती, जवसाच्या तेलात घोटलेली होती आणि त्यात यंदा वार्निश होतं. मागच्या साली घामानं पट्टे ओघळून वाघाचं मांजर झालं होतं आणि लोक हसले होते. ते मामाजींना फार लागलं होतं. "यंदा घामाचा एक थेंब बाहेर आला तर नावाचा नानाजी नाही," असं ते सकाळपासून येईल त्याला सांगत होते.

पिवळ्याचे दोन हात झाले. पोटाला आणि गळ्याखाली सफेदा लागला. मग यांनी लुगड्याच्या वरून काळं वाडगं आत दिलं आणि मी पट्ट्यांना लागले.

"पट्टा रांगोळीसारखा जोडून घेऊ नको," मामाजी म्हणाले. "वाघाचा पट्टा सुटा सोडायचा. टोक बारीक करून सोडून द्यायचं."

नेमका मी एक जोडला होता. तो बोटानं पुसून परत सोडला. एवढ्यानं माझ्या कपाळाला घाम आला, तर मंदा खुदकन हसली.

"मामाजीले दिसते का हो लुगड्यातून?"

"चूप बस. बरगडी हलते तुझी."

ती हसली तेव्हा माझा तिच्यावर जीव जडला, खोटं कशाला सांगू. आमची ओळख हापशीवरची, दोन-चार वाक्यांची. माझ्याच वयाची. पण कुणाच्या पाठीवर सकाळभर हात फिरवला की ते माणूस परकं राहत नाही. पहाटेपासून तिच्या पोटात पाणीसुद्धा नव्हतं. नवसाचा उपास तसाच असतो.

पट्टे संपत आले तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, कसं तरी होते. कोणी पोत्यात शिवल्यावानी."

मी पडद्याकडं तोंड केलं. "मामाजी, ती म्हणते गुदमरतं."

"पहिल्या खेपेला सगळ्यांनाच होतं. रंग वाळला की बसतं."

"पण तिनं पाणी..."

"सूनबाई, तिकडं डफडेवाले खोळंबलेत. डोळे दे आता."

डोळे देणं म्हणजे शेवटचं काम. पापणीच्या कडेनं काळी रेघ काढून ती नाकाकडं उतरवायची. ती रेघ उतरली की माणूस संपलं आणि वाघ सुरू झाला. त्याआधी मामाजींचा आवाज बदलला. पाट्या लिहिणारे मामाजी ते नव्हतेच.

"ऐक, पोरी. डोळे दिले की तिचं नाव मिटलं. बोडीत आंघोळ होईपर्यंत तिनं बोलायचं नाही, अन् तिला कुणी नावानं हाक मारायची नाही. तू तर नाहीच नाही. तू जवळ असशील."

"मारली तर?"

"वाघदेवाच्या दारात वाघिणीचं नाव कोणी घेतलं तर वाघ ते ऐकतो. ऐकलेलं नाव तो विसरत नाही. मग दोन वर्षांनी का होईना, येतो."

वर्ध्याला हे ऐकलं असतं तर मी हसले असते. पण जंगलात शिरल्यावर इथल्या बाया एकमेकींना नावानं हाक मारत नाहीत हे मी पाहिलं होतं. कुंचल्याचं टोक तिच्या पापणीपाशी नेलं तर ते थरथरायलाच लागलं. मंदानं माझं मनगट धरलं. तिचा तळवा भाजत होता.

"माह्या मागंच राह्यजा, वहिनी," ती म्हणाली. "काही झालं तरी मले सोडून जाऊ नोका."

"नाही जाणार."

मी डोळे दिले, आणि ती बोलायची थांबली.

लुगडं बाजूला झालं. गर्दीतून एक लांब श्वास ऐकू आला. मामाजींनी तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. त्यांच्या भाषेत तो मोठाच मान होता, पण मला त्याचं सुख झालं नाही. मीच काढलेले पट्टे, मीच दिलेले डोळे, आणि ती वळून माझ्याकडं बघायला लागली तर मी एक पाऊल मागं सरले. काही म्हणा, मला ती मंदा दिसेना.

डफडं वाजायला लागलं. रंग घासला गेला तर लगेच लावायला म्हणून मी वाडगं घेऊन तिच्या मागं होते. ती नाचली, चांगलीच नाचली. लेकरं किंचाळून आयांच्या पदरात शिरत होती. म्हाताऱ्या पायांवर पाणी ओतत होत्या. गिरजाबाई अनवाणी, हात जोडून, सुनेच्या सावलीवर पाय पडू नये असं जपत बाजूनं चालत होती. ऊन डोक्यावर आलं. सगळं गाव घामानं निथळत होतं आणि वाघिणीचं अंग कोरडं ठाक होतं. लोक मामाजींना म्हणत होते, "वा नानाजी, याले म्हणते रंग."

शाळेपाशी तिच्या कोपराचा पट्टा घासला म्हणून मी कुंचला लावायला गेले आणि बोट तिच्या कातडीला टेकलं. तव्याला टेकावं तसं झालं. मी मामाजींना गाठलं.

"अंग भाजतंय तिचं. घामच नाही."

"म्हणूनच तर वार्निश टाकलं," ते हसत म्हणाले, आणि मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. "एवढी पाळ ओलांडली की बोडीच आहे. होईल."

तळ्याच्या बांधाखाली, वाघदेवाच्या ठाण्यासमोर आलो आणि तिचा पाय चुकायला लागला. ती डफड्यावर नव्हती, दुसऱ्याच कशावर तरी हलत होती. मान एका बाजूला पडली. दात वाजत होते, भर उन्हात. कोणीतरी म्हणालं, "आला, अंगात आला." झालं. वाजवणाऱ्यांनी डफडी आणखी जोरात धरली. बाया लोटांगण घालायला लागल्या. ती गुडघ्यावर बसली, मग आडवी झाली, आणि तिच्या तोंडातून फेस आला.

"हात लावू नका," ठाण्याचा पुजारी म्हणाला. "जनावर खेळून रायलं. शांत होऊ द्या."

लोक मागं सरले. मोठं रिंगण झालं. रिंगणात ती आणि कडेला मी. मला वाटलं होतं, कोणीतरी पुढं होईल. मामाजी होतील, हे होतील, गिरजाबाई होईल. मामाजींचे ओठ हलत होते पण पाय हलत नव्हते. गिरजाबाईनं तोंडात पदर कोंबला होता. तिच्या डोळ्यांत मला सरळ दिसत होतं की तिलाही कळलंय, हे अंगात येणं नाही, हे ऊन लागणं आहे. पण पोराला एकदा वाघानं धरलेलं तिनं पाहिलं होतं. आता सुनेला धरू नये म्हणून ती तिथंच खिळली होती.

मी वाडगं टाकलं आणि तिच्याजवळ जाऊन बसले. डोळे पांढरे. श्वास कुत्र्यासारखा, वरवरचा. आमच्याकडं कुणाची शुद्ध हरपली की त्याच्या कानाशी तोंड नेऊन नावानं हाका मारत राहतात, दुसरं काही सुचायच्या आधी हेच. माझ्या आईनं माझ्या भावाला तापात असंच परत आणलं होतं. मी वाकले, तोंड उघडलं, "मं" एवढं ओठांवर आलं.

आणि मी थांबले. समोर वाघदेवाचं ठाणं, मागं जंगल, आणि मधे सगळं गाव श्वास रोखून माझ्या तोंडाकडं बघत होतं. मंदा म्हणाले तर तिचं नाव गेलं. आज वाचली तरी उद्या, परवा, मोह वेचताना, सरपण आणताना. नाही म्हणाले तर ती आत्ताच जातेय. हाक तर मारायची होती. काहीतरी नाव तर पाहिजे होतं.

"वच्छला," माझ्या तोंडातून निघालं.

ते माझं नाव. पहिल्यांदा निघालं ते निघालं, ते मी ठरवलं नव्हतं. दुसऱ्यांदा मात्र मला कळत होतं मी काय करतेय. तरी ओरडले. "वच्छला. ऊठ, वच्छले. इकडं बघ. वच्छला, ऊठ."

डफडी थांबली. इतकी शांतता झाली की तळ्यातल्या म्हशीचं फुरफुरणं ऐकू आलं. नाव घेतलं गेलं होतं, म्हणजे आता ती वाघीण राहिली नव्हती. हे सगळ्यात आधी गिरजाबाईला कळलं. तिनं तोंडातला पदर काढला आणि धावत येऊन सुनेचे पाय धरले.

"उचला," ती म्हणाली. "पाण्यात घाला तिले. बघता काय मढ्यावानी?"

आम्ही तिला पाळीवरून ओढत नेलं आणि गळ्यापर्यंत पाण्यात धरलं. पाण्यानं वार्निश कुठं निघतं? हे रॉकेलचा डबा घ्यायला घराकडं पळाले. आणि जे मामाजी सकाळभर लुगड्याच्या पलीकडून बोलत होते ते कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं तिचे दंड आणि पाठ घासत होते. घासत होते आणि रडत होते. "निघ रे, निघ," एवढंच म्हणत होते, स्वतःच्याच रंगाला.

पाठ अर्धी उघडी पडली तेव्हा तिला हुंदका आला आणि तिनं डोळे उघडले. ते हाकेनं की पाण्यानं, देवाला ठाऊक. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पाणी मागितलं.

त्या संध्याकाळी आमच्या घरात कोणी जेवलं नाही. मामाजी ओट्यावर बसले होते.

"पोरी," ते म्हणाले, "कोणाचं नाव तिथं टाकून आलीस, समजतंय का तुला?"

"माझं."

ते उठून आत आले. यांनी दाराला आतून आडवी बल्ली लावली.

त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते मलाच ठाऊक. माझ्यासारखी भित्री, आणि त्यात ही खात्री की तो माझं नाव घेऊन हिंडतोय. दिवेलागणीनंतर मी अंगणात पाऊल टाकलं नाही. पान वाजलं की अंगाचं पाणी पाणी व्हायचं. गावानं माझं नाव तोंडात घ्यायचं सोडलं. हापशीवर बाया 'ओ पेंटरीणबाई' म्हणायच्या, आणि तेही हळू. चिडवल्यासारखं वाटायचं, पण त्या माझ्याच जिवाला जपत होत्या. रोज संध्याकाळी हे कामावरून येईपर्यंत गिरजाबाई आमच्या उंबऱ्यावर काठी घेऊन बसायची. म्हातारीच्या काठीनं वाघ काय मेला असता? पण ती बसायची, आणि मला तेवढ्यात स्वयंपाक करता यायचा.

पुढच्या वर्षी मंदाला मुलगी झाली. बारशाला बोलावणं आलं. देवरावला बहीण नव्हती, तर आत्या म्हणून मलाच पाळण्यापाशी बसवलं. दुपारची वेळ, घर बायांनी भरलेलं. पाळण्याला झेंडूच्या माळा. मंदा माझ्या शेजारी बसली होती, चेहरा भरलेला. मी बाळाच्या कानाशी वाकले आणि तिला विचारलं, "काय नाव सांगू?"

"वच्छला," ती म्हणाली.

वर्षभरात ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"वेडी आहेस का?" मी म्हणाले. "लेकराला हे नाव? त्याच्यापाशी आहे ते. तो आला आणि हिलाच..."

"आला तं त्याले समजाले तं पाह्यजे, दोघींतली कोणती."

मी गिरजाबाईकडं बघितलं. वाटलं, ती तरी सुनेला गप्प करील. ती पाळण्याची दोरी धरून उभी होती आणि तिचे हात कापत होते, त्या दिवशी माझे कापत होते अगदी तसेच. तिची ही पहिलीच नात.

"मी तिले लय समजावलं," म्हातारी म्हणाली. "ऐकत नाही. अन् मग मीच इचार केला, बरोबर म्हणते."

"मंदा, मी माझ्या मनानं केलं होतं. तू माझं काही देणं लागत नाहीस," मी म्हणाले. मला रडू यायला लागलं होतं.

मंदानं माझं मनगट धरलं. "एकटीनं किती दिस भ्यावं, वच्छलाबाई?"

मी वाकले आणि त्या लेकराच्या कानात माझं नाव सांगितलं. ती झोपेतच होती. कानाला गुदगुल्या झाल्या तशी तिनं मान हलवली, बस.

पावसाळ्यात कुणबीपुऱ्यातल्या एका मुलीचं बारसं झालं, तिचं नाव वच्छला ठेवलं. मग पुजाऱ्याच्या नातीचं. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आता माझे केस पिकले, ती पाळण्यातली वच्छला दोन लेकरांची आई झाली. हापशीवर जाऊन कुणी 'वच्छले' म्हणून हाक मारली, तर सगळ्या हापशीवरून एकदम 'ओ' येतो.